बोंबील विमानाने गेला त्या दिवशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, भावाला नाही. देवळात हात जोडून उभा राहतो तेव्हा देवालासुद्धा नाही — तिथेही इकडचं तिकडचं बोलून परत येतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा दोन वर्षं झाली, आता आत मावत नाही, म्हणून असेल. खरं काय ते मलाही नीट माहीत नाही.

मी उरणजवळच्या एका गावचा. वडिलांची मिठागरं होती, ती नव्या बंदराच्या जागेत गेली आणि आम्ही भाऊ ट्रेलरच्या धंद्यात शिरलो. माझे स्वतःचे दोन ट्रेलर आहेत. तीस वर्षं मी कंटेनर इकडून तिकडे पोचवतोय. अशा माणसाला कुणी सांगितलं, की एक कुत्रा पेटीत घालून विमानाने पाठवायचाय, तर त्याला हसू येणार की नाही? चाळीस फुटी कंटेनर हलवणारा मी. कुत्र्याची पेटी ती काय!

पण थांबा — मी पुढे पळतोय. आधी कुत्र्याचं सांगतो.

माझी मुलगी सायली, एकुलती एक, बँकेत अधिकारी आहे. तिची आई गेली त्याच वर्षी ती मोरा बंदराच्या धक्क्यावरून एक पिल्लू उचलून घरी घेऊन आली. लांबट, पांढुरकं, लिबलिबीत — अंगात हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी. मी म्हटलं, ‘‘ह्यो कुत्रा हाय का बोंबील?’’ झालं, तेच नाव पडलं. पुढे तो चांगला पंचवीस किलोचा गडी झाला, तरी नाव काही सुटलं नाही. दवाखान्यात त्याच्या नावाचा पुकारा झाला की बसलेले सगळे हसायचे आणि हा शेपूट हलवत उठायचा.

मग सायलीची बदली झाली, थेट गुवाहाटीला. तिथे कुत्रा ठेवू देणारं घर मिळेपर्यंत बोंबील माझ्याकडे राहील असं ठरलं. दोन महिने म्हणता म्हणता आठ झाले. त्या आठ महिन्यांत काय झालं? सांगण्यासारखं काहीच नाही. सकाळी तो माझ्याबरोबर गाड्यांच्या पार्किंगला यायचा, एकेका टायरची पाहणी करायचा — कुत्रे करतात त्या पद्धतीने. ड्रायव्हर शिव्या घालायचे आणि आपल्या डब्यातली भाकरीही घालायचे. दुपारी मी जेवलो की हा माझ्या पायावर हनुवटी टेकून आडवा. पन्नाशी उलटलेल्या, बायको गेलेल्या माणसाला आणखी काय लागतं? मला तो हवा होता. आज हे सरळ लिहितोय, तेव्हा तोंडातून निघालं नाही.

कारण जानेवारीत सायलीचा फोन आला. घर मिळालं होतं, पुढे अंगण होतं. ‘‘बाबा, आता बोंबीलला पाठवा.’’ मी म्हटलं, ‘‘व्हय, पाठवतो की.’’

तेव्हाच म्हणायला हवं होतं — राहू दे गं त्याला, मला करमायचं न्हाय. एवढं एकच वाक्य. पण आमच्याकडे बाप मुलीला असलं काही बोलत नाहीत. आणि इतक्या लांब एकट्या राहणाऱ्या पोरीकडे तिचाच कुत्रा कुठल्या तोंडाने मागायचा? तरीही, पुढे मी जे केलं ते या संकोचावर ढकलता येणार नाही. संकोच सगळ्यांनाच असतो.

सायलीने सगळं नीट ठरवलं. थेट विमान, मध्ये कुठे उतरायचं-बदलायचं नाही. फेब्रुवारीतलं, सकाळचं, म्हणजे चढवता-उतरवताना ऊन लागायला नको. पेटी तिनेच मागवली — बोंबीलला आत उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं एवढी मोठी. मला काही ती पसंत पडली नाही. आमच्या धंद्यात माल हलला की फुटतो. मध्ये पोकळी दिसली की आम्ही तिथे गोण्या कोंबतो. मी तसं म्हणालो तर ती फोनवर हसत सुटली. म्हणाली, ‘‘बाबा, तो टाइल्सचा माल नाही.’’

आणि डॉक्टर मानसी. उरणात जनावरांचा दवाखाना नव्यानेच काढलेली मुलगी, सायलीच्याच वयाची. तिने मला समोर बसवून शाळेतल्या पोरासारखं समजावलं. पेटी महिनाभर आधीपासून घरात उघडी ठेवायची. त्याला जेवण तिच्यातच द्यायचं. आपण होऊन आत जायला लागला की दार पाच मिनिटं लावायचं, मग दहा, मग तासभर. पेटी त्याला आपली खोली वाटली पाहिजे. जायच्या दिवशी पोट हलकं ठेवायचं, निघण्याआधी भरपूर फिरवून आणायचं. वाटीतल्या पाण्याचा बर्फ करून ती आत लावायची, म्हणजे पाणी सांडत नाही, वितळेल तसं पिता येतं. ज्याच्याकडे चाललाय त्याचं न धुतलेलं कापड अंथरायचं. आणि एक गोष्ट तिने बोट वर करून तीनदा सांगितली — गुंगीचं, झोपेचं, काही म्हणजे काही द्यायचं नाही. विमानात त्याने श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो, अंग गार पडतं, आणि तिथे बघायला कुणी नसतं. ‘‘आणि काका, पेटीची सवय नाही झाली तर मला फोन करा. तारीख पुढे ढकलू. त्यात लाज कसली?’’

लाज कसली! किती सहज म्हणाली ती. 

पेटी महिनाभर घरात होती, हे खरं. पण तिचं दार बंद होतं आणि वर मी जुन्या वर्तमानपत्रांची चळत ठेवली होती. कामं होती, वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं सांगू? मी वाट बघत होतो. सवय झाली नाही तर विमानवाले त्याला घेणारच नाहीत, तो माझ्याबरोबर परत येईल, आणि मला कुणाला काहीच म्हणावं लागणार नाही — असा माझा डाव. डाव म्हणण्याएवढीही अक्कल त्यात नव्हती.

रोज संध्याकाळी सायलीचा फोन. ‘‘आज किती वेळ बसला?’’ मी म्हणायचो, पंधरा मिनिटं. दोन दिवसांनी अर्धा तास. मग पाऊण. तिला फोटो हवे होते. एका रविवारी मी सुकट दाखवून त्याला पेटीत शिरवलं, दार न लावता आठ फोटो काढले — प्रत्येक फोटोला खालची चादर बदलली, बाही फोटोत येते म्हणून दोनदा माझा शर्टही बदलला. मग दर तीन-चार दिवसांनी त्यातला एक पाठवत राहिलो. सायलीने ते डॉक्टर मानसीलाही पाठवले. तिचं उत्तर आलं, ‘शाब्बास बोंबील!’ ते वाचून मी हसलो होतो. आता कसा हसलो ते आठवतं आणि नकोसं होतं.

जायचा दिवस उजाडला. विमान अकराचं, साडेसातपर्यंत मुंबई विमानतळावर माल घेतात तिथे पोचायचं. चारला उठून त्याला खाडीच्या बांधावरून लांब फिरवून आणलं. वाटीत बर्फ तयार होता. सायलीची जुनी ओढणी पेटीत अंथरली. सगळं यादीप्रमाणे — आणि मग त्याला आत जा म्हटलं.

तो गेला नाही. का जाईल? चारही पाय रोवून उभा राहिला. मी ढकललं. नखं फरशीवर कचाकच वाजली. कसाबसा आत घालून दार लावलं, तर तो असा काही ओरडायला लागला की शेजारची काकू खिडकीत आली. दाराच्या जाळीला चावला, हिरडीतून रक्त आलं. त्याला आतच लघवी झाली. आठ महिन्यांत घरात कधी झाली नव्हती. मी घाबरून दार उघडलं. तो बाहेर आला आणि कुठे गेला माहितीय? माझ्याच गुडघ्यांमागे लपला. त्याला कोंडलं मी, आणि लपायलाही मीच.

ओढणी बदलली, पेटी पुसली. साडेपाच होऊन गेले होते. खिशात फोन होता. डॉक्टरने सांगून ठेवलं होतं, फोन करा म्हणून. पण काय सांगणार होतो? की महिनाभर पोरीला थापा मारल्या? की ते आठही फोटो एका रविवारचे होते? गुवाहाटीला सायलीने रजा काढलेली, अंगणाला जाळी मारून घेतलेली. माझ्या हातून तो फोन झाला नाही.

आता मी जवळ आलोय. 

आमच्याकडे एक रीत आहे. चैत्रात एकवीरेला जाताना घाट लागायच्या आधी गाडीत सगळ्यांना अर्धी अर्धी गोळी वाटायची — गाडी लागू नये म्हणून. माझी बायको वाटायची. म्हाताऱ्या, पोरं, सगळे ती गिळून लिंबू हुंगत झोपी जायचे ते कार्ल्याला जागे व्हायचे. नवसाचा कोंबडा तेवढा बिनगोळीचा. त्या गोळीने कधी कुणाला काही झालेलं मी पाहिलं नव्हतं. माणसांच्या पोरांना चालते, तर याला का नाही चालणार? आमच्या घरात कुणीही असाच विचार केला असता. फक्त आमच्या घरात कुणाला डॉक्टरने तीनदा बजावलेलं नव्हतं. मला बजावलं होतं.

अर्धी गोळी पावाच्या तुकड्यात दिली. पंधरा मिनिटं गेली. काही नाही — पेटीकडे नेलं की तोच थरकाप. घड्याळ पुढे चाललेलं. मग मी माझी गोळी काढली. झोपेची. धंद्यात वर्षानुवर्षं रात्रीचा दिवस करून माझी झोप कायमची गेली, त्यासाठी मला डॉक्टरने दिलेली. ती अर्धी नाही केली. अख्खी दिली. त्याने पाव खाल्ला आणि माझा हात चाटला.

थोड्या वेळाने तो वाकडातिकडा चालायला लागला. मी उचलून आत ठेवला. काही कुरकुर नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

विमानाच्या मालाच्या कचेरीत आणखी एक कुत्रा होता, त्याने भुंकून छप्पर डोक्यावर घेतलेलं. खिडकीतला माणूस आमच्या पेटीत डोकावला. ‘‘झोपलाय का हा?’’ मी म्हटलं, पहाटेपासून फिरवलाय, दमलाय. तो म्हणाला, ‘‘किती शहाणा आहे. त्याला बघा आणि याला बघा.’’ आणि — हे लिहायला फार जड जातंय — मला बरं वाटलं. अभिमान वाटला. डॉक्टर मानसीने दोन दिवस आधी बोंबीलला तपासून दिलेला, विमानाला तब्येत ठीक असल्याचा दाखला त्याने बघितला. मग एक कागद पुढे केला, त्यात एक ओळ होती : प्राण्याला गुंगीचं कोणतंही औषध दिलेलं नाही. खाली सही. मी केली. अक्षर छान आलं होतं.

ढकलगाडीवरून पेटी आत गेली. त्याने डोकं उचलायचा प्रयत्न केला, ते परत खाली गेलं. रबराच्या पट्ट्यांचा पडदा होता, तो मिटला. त्याच्यापुढे आपल्याला जाता येत नाही.

मी गाडीत येऊन बसलो, पण गाडी सुरू केली नाही. अकरा वाजेपर्यंत तिथेच बसलो होतो. दाराच्या मुठीवर हात. उतरायचं, त्या खिडकीत जायचं, म्हणायचं, अहो, याला गोळ्या दिल्यात, काढा त्याला बाहेर. साडेतीन तास होते माझ्याकडे. त्यात माणूस किती वेळा उतरू शकतो? मी एकदाही उतरलो नाही. डोक्यावरून विमानं जात होती, त्यातलं त्याचं कोणतं तेही कळलं नाही.

अडीच-पावणेतीनला सायलीचा फोन आला, तेव्हा मी पार्किंगला ड्रायव्हरांमध्ये उभा होतो. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. बोंबील पेटीतून उठत नव्हता. अंग गार, जीभ पांढरी. ती त्याला घेऊन दवाखान्यात पोचली होती. ‘‘बाबा, डॉक्टर विचारतायत, निघताना काही दिलं होतं का? गोळी, औषध, काहीही?’’

मला वाटतं, हीच ती जागा, जिथे यायला मी इतका वेळ घेतला. गोळी दिली ती घाबरून. मूर्खपणा झाला म्हणा हवं तर. पण इथे तर मला सगळं माहीत होतं. काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं. सायलीसमोर त्यावर इलाज करू शकणारा माणूस उभा होता आणि तो मलाच विचारत होता. 

मी म्हणालो, ‘‘न्हाय.’’

आणि मग मला फोनमधून ऐकू आलं — सायली तिथल्या डॉक्टरला हिंदीत ठासून सांगत होती, नहीं डॉक्टर, पापा ने कुछ नहीं दिया, पापा बहुत ध्यान रखते हैं.

तो त्यानंतर जवळजवळ तीन तास होता. मी चार वेळा फोन केला. कसा हाय, विचारलं. सलाईन लावलंय, ती म्हणाली. श्वास घेतोय. तापवलेल्या पिशव्या लावल्यात. दर वेळी मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. खरं सांगितलं असतं तर वाचला असता? कदाचित नसताही. त्या कदाचितच्या आडोशाला मी उभा राहून पाहिलंय, तिथे उभं राहता येत नाही. तिकडे गुवाहाटीला अंधार लवकर पडतो. साडेपाचला सायली म्हणाली, ‘‘बाबा, गेला.’’ मग म्हणाली, ‘‘तुम्ही रडू नका हं. तुम्ही किती केलंत त्याच्यासाठी.’’

तिथल्या डॉक्टरला कारण सापडलं नाही. हृदयच कमजोर असेल, तपासणीत निसटलं असेल, असं तो म्हणाला. सायलीला तेवढं पुरलं. आपल्या डॉक्टर मानसीने पाच मिनिटांत तपासून दाखला दिला, म्हणून माझा कुत्रा गेला, असं सायलीने दवाखान्याच्या नावाखाली नेटवर लिहिलं, बोंबीलच्या फोटोसकट. फोटो माझ्या त्या आठांतला होता. उरण केवढंसं आहे! महिनाभरात सगळ्यांनी वाचलं. डॉक्टर मानसी आता विमानाचा दाखला देत नाही, कुणी मागितला तर पनवेलला पाठवते.

पण दाखले बंद झाले ते नंतर. त्याआधी, बोंबील गेल्याला पंधरा दिवस झाले असतील, एका दुपारी ती स्कूटरवरून माझ्या घरी आली. हातात दाखला देताना केलेल्या तपासणीचा कागद. पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. म्हणाली, ‘‘काका, मी दोनदा ऐकलं होतं त्याचं हृदय. बघा, इथे लिहिलंय. मला काही वेगळं ऐकू आलं नाही.’’ मग कागदाची घडी घातली. ‘‘सायलीने लिहिलं त्याचं काही नाही. पण मला झोप लागत नाही. तुम्ही शेवटपर्यंत त्याच्याजवळ होता. काही दिसलं होतं का तुम्हाला? माझ्या हातून गेला का तो, एवढंच सांगा.’’

घरात आम्ही दोघंच होतो. ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, ‘‘होतं असं, डॉक्टर. मानूस हाय, चुकतं. आमचा काय राग न्हाय तुमच्यावर.’’

ती रडली. मी उठलो, वडीलधाऱ्यासारखा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला माफ केलं.